मेक्सिको सिटीत उतरायचं कुठं?

गेल्या अंकात मी लेकीकडं मेक्सिको सिटीत काढलेल्या पाच आठवड्यांबद्दल दोन परिच्छेद काय लिहिले, पत्रांचा ढीग पडलाय, आणि गंमत म्हणजे पिरॅमिड कसे आहेत वगैरे कोणालाच नकोय, सगळ्यांचा प्रश्न एकच, तिथं राहायचं कुठं. बरोबरच आहे म्हणा. पुण्या-मुंबईची माणसं गणपतीपुळ्यात खोली घेतात आणि मग विचारतात तारकर्ली करून संध्याकाळी परत येता येईल ना, तेव्हा आपण गालातल्या गालात हसतो, तिकडं गेल्यावर तीच गत आपली होते. नुसत्या शहराची वस्ती ९२ लाख, आजूबाजूचं धरलं तर दोन कोटींच्या वर. मी स्वतः पहिले आठ दिवस कोंदेसा नावाच्या भागात भाड्याच्या खोलीत राहिले, मग लेकीला नार्वार्तेत फ्लॅट मिळाला तिथं, आणि शेवटचे चार दिवस हौस म्हणून सेंत्रोत, म्हणजे जुन्या गावठाणात, हॉटेलात. जे सांगतेय ते ह्या तीन जागांच्या जोरावर.

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही दोघं, मी ६४ आणि मिसेस ६०. मुलगा ह्युस्टनला असतो, तो नोव्हेंबरच्या सुरुवातीला आम्हाला सहा दिवस मेक्सिको सिटीला नेणार आहे, पण त्याला रजा तीनच दिवस, नंतरचे तीन दिवस आम्ही दोघंच. तो म्हणतो रोमा भागात फ्लॅट घेऊ, पुतण्या म्हणतो बघायचं सगळं सेंत्रोत आहे तर तिथंच राहा. मिसेसचे गुडघे दुखतात आणि ती शाकाहारी आहे. मला सगळं चालतं. तिथल्या भूकंपाबद्दल वाचलंय त्याची भीती वाटते ती वेगळीच. — एक वाचक, चिपळूण

उत्तर : दादा, मुलगाही चुकत नाहीये आणि पुतण्याही, पण वहिनींचे गुडघे दोघांनीही हिशेबात धरलेले दिसत नाहीत, मी तिथूनच सुरू करते.

मेक्सिको सिटी २२४० मीटर उंचीवर आहे. आपलं कळसूबाई १६४६. म्हणजे महाराष्ट्राच्या सगळ्यात उंच टोकावर उभं राहायचं आणि अजून सहाशे मीटर वर बघायचं, तिथं हे शहर ताटासारखं सपाट पसरलंय, आणि सपाट असल्यामुळं आपण एवढ्या वर आलोय हे कळतच नाही, कळतं ते एकदम जिन्यात. लेकीनं माझ्यासाठी बुक केलेली खोली फोटोत इतकी देखणी, बाल्कनी, बोगनवेल, लाकडी जमीन, आणि होती चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जाहिरातीत तळाला कुठंतरी लिहिलेलं होतं ते आम्ही दोघींनीही वाचलं नाही. दुसऱ्या मजल्यावर मी बॅगेवरच बसकण मारली, कानात ठोके ऐकू येत होते, आणि खालून एक आजी, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी तरी मोठी, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या, 'बुएनास तार्देस' म्हणत माझ्या बाजूनं वर निघून गेली. लाज वाटली पण उठवेना. दोन-तीन दिवसांत अंगवळणी पडतं, तोवर पाणी भरपूर प्यायचं आणि चालायचं हळू. तेव्हा पहिली अट लिफ्ट, बाकी सगळं नंतर. रोमा-कोंदेसातल्या जुन्या सुंदर इमारतींत ती बरेचदा नसते.

दुसरी गोष्ट आवाज. त्याच खोलीच्या खाली बार होता, शुक्रवारी रात्री अडीचपर्यंत धडाम धडाम, आणि सकाळी जरा डोळा लागतोय तोवर रस्त्यावर भंगारवाल्याची गाडी. आपल्याकडं भंगारवाला स्वतः ओरडतो, तिथं सगळ्या शहरभर एकच टेप वाजते, एका छोट्या मुलीच्या आवाजात, गाद्या, फ्रिज, शेगड्या, वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह, जुनं लोखंड विकायचंय का, असं लांब हेल काढून. पहिल्यांदा मला वाटलं कोणाचं पोर हरवलंय. पाच आठवड्यांनी मला ती टेप पाठ झाली, अजून घरी भांडी घासताना तोंडात येते. तर, बुकिंग करताना रस्त्याकडची खोली मागू नका, आतल्या चौकाकडची मागा. रिव्ह्यू स्पॅनिशमधले वाचा, भाषांतराचं बटण असतंच, आणि तीन शब्द शोधा : 'रुइदो' म्हणजे गोंगाट, 'एलेवादोर' म्हणजे लिफ्ट, 'आग्वा कालिएन्ते' म्हणजे गरम पाणी. इंग्रजी रिव्ह्यूवाले सगळ्यालाच सुंदर म्हणतात, स्थानिक माणूस खरं काय ते सांगून टाकतो.

आता सेंत्रो का रोमा. सेंत्रोत बघण्यासारखं खच्चून भरलंय हे पुतण्याचं अगदी खरं. सोकालो नावाचं अफाट मोठं मैदान, एका बाजूला कॅथेड्रल, त्याच्या अंगालाच तेम्प्लो मायोर, आस्तेकांचं, म्हणजे आपण ॲझ्टेक म्हणतो त्यांचं, मुख्य देऊळ. १९७८ साली वीज कंपनीची माणसं खड्डा खणत होती तर देवीचा प्रचंड गोल दगड लागला आणि मग आजूबाजूच्या इमारती पाडून सगळं देऊळच बाहेर काढलं. आणि एक आपल्या अभिमानाची जागा, सोकालोपासून दोन-तीन चौकांवर शिक्षण खात्याची जुनी इमारत आहे तिथं दिएगो रिवेरानं १९२० च्या दशकात भिंतीच्या भिंती रंगवल्यात, त्यातल्या एका चित्रात जेवणाच्या टेबलावर भाकरी वाढणारा जो माणूस आहे तो म्हणजे आपले वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे. गदरवाले क्रांतिकारक, इंग्रजांपासून पळत पळत मेक्सिकोत पोचले आणि चापिंगोच्या शेतकी कॉलेजात प्रोफेसर होऊन मक्याच्या जातींवर काम करत राहिले. मी त्या चित्रासमोर पंधरा मिनिटं उभी होते, तिथल्या शिपायाला सांगायचा प्रयत्न केला की हा आमच्याकडचा, त्याला काय कळलं देव जाणे, मान मात्र छान डोलावली.

पण तिथं राहायचं म्हटलं की वेगळं. दिवसा मुंगी शिरायला जागा नाही, पेटीवाले हँडल फिरवत रडका सूर काढतायत, मोर्चा असला की सोकालोचे रस्तेच बंद, टॅक्सी आत येत नाही आणि बॅगा ओढत चालायचं. नऊ वाजले, शटरं पडली की काही गल्ल्या एकदम ओस. मुलगा आहे तोवर मजा वाटेल, नंतरचे तीन दिवस तुम्ही दोघं साडेसातलाच खोलीत जाऊन बसाल.

रोमा आणि कोंदेसा शेजारीशेजारी. झाडं, कॅफे, बाकडी, कुत्री फिरवणारी माणसं. कोंदेसात आमस्टरडॅम नावाचा रस्ता आहे तो लंबगोल फिरून जिथून निघाला तिथंच येतो कारण पूर्वी तिथं घोड्यांच्या शर्यतींचा ट्रॅक होता, मधोमध झाडांच्या सावलीतली पायवाट आणि बसायला बाक, वहिनींना पाहिजे तेवढं चालून पाहिजे तिथं टेकता येईल. ह्या भागांना तिथं 'कोलोनिया' म्हणतात, आपली कॉलनीच. रोमात एकेकाळी आपले क्रांतिकारक मानवेंद्रनाथ रॉय राहायचे, पुढं त्या घरात त्यांच्याच नावाचा नाइटक्लब निघाला, काय म्हणावं.

पोलांको तिसरा पर्याय. महाग, चकचकीत, भारताची वकिलातही तिथंच, आणि मानववंशशास्त्राचं जगप्रसिद्ध म्युझियम चालत जाण्याच्या अंतरावर, ते सोमवारी बंद असतं हे लक्षात ठेवा. कोयोआकान जुन्या गावासारखं, फार गोड, चित्रकार फ्रीडा काहलोचं निळं घर तिथंच, त्याचं तिकीट आधी ऑनलाइन काढावं लागतं. राहायला शांत आहे पण बाकी शहरापासून दहाएक किलोमीटर आणि ट्रॅफिकमध्ये त्याचा तास होतो. आणि कोयोआकान नावाचं मेट्रो स्टेशन बघून हॉटेल जवळ आहे असं समजू नका, राजापूर रोडला उतरून राजापूर गाठलेल्या माणसाला जास्त सांगायला नको.

भूकंपाचं लपवत नाही. हे शहर तळ्यात वसलंय, शब्दशः, तेस्कोकोचं तळं बुजवून, आणि तळातला गाळ अजून खाली बसतोय. रेफोर्मा रस्त्यावर १९१० साली बांधलेला स्वातंत्र्याच्या देवदूताचा खांब आहे, त्याच्या आजूबाजूचा रस्ता इतका खचला की नंतर खाली चौदा पायऱ्या वाढवाव्या लागल्या. हा गाळ भूकंपात खरवसासारखा थुलथुलतो. १९८५ च्या १९ सप्टेंबरला केंद्र साडेतीनशे किलोमीटरवर होतं तरी हजारो माणसं गेली, आणि २०१७ ला परत १९ सप्टेंबरच, सकाळी अकराला आठवणीची कवायत झाली आणि दोन तासांनी खरा भूकंप. रोमा, कोंदेसा, सेंत्रो, हे सगळे तळ्यातले भाग. चापुल्तेपेकच्या मोठ्या बागेच्या पश्चिमेला आणि सान आन्हेलकडं जमीन कडक. १९८५ नंतर बांधकामाचे नियम खूप कडक केलेत, म्हणून मी म्हणेन त्यानंतरची इमारत बघा. खांबाखांबावर भोंगे आहेत, किनाऱ्याकडं हादरा बसला की लाटा शहरात पोचायच्या आधी बरेचदा मिनिटभर आधी वाजतात, तेव्हा बाहेर पडायचं. खोलीत शिरल्या शिरल्या जिना कुठं आहे ते बघून ठेवा. ११ डिसेंबर १९६७ ची कोयनेची रात्र चिपळूणच्या जुन्या माणसांनी अंगणात काढलीय, तुम्हाला वेगळं काय सांगायचं.

माझं मत विचाराल तर फ्लॅट नको, हॉटेल घ्या. मुलगा गेल्यावर रात्री पाणी आलं नाही, किल्ली अडकली, पोटात दुखलं तर खाली रिसेप्शनला माणूस पाहिजे. कोंदेसात पार्के मेहिकोच्या आसपास, किंवा हुआरेस भागात रेफोर्माच्या बाजूला, लिफ्टवालं मध्यम हॉटेल. भीती फारच वाटत असेल तर थोडे पैसे जास्त टाकून पोलांको. फ्लॅट नको म्हणण्याला आणखी एक कारण आहे, २०२५ च्या जुलैत ह्याच रोमा-कोंदेसात लोकांनी मोर्चे काढले, बाहेरचे डॉलरवाले येऊन घरं दिवसाच्या भाड्यानं घेतात आणि इथं जन्मलेल्यांना भाडं परवडत नाही म्हणून. आपल्याकडं दापोली-गुहागरात जमिनींचं काय चाललंय ते बघता मला ते मोर्चे आपलेच वाटले.

तारखांचं बघा. १ आणि २ नोव्हेंबरला मृतांचा सण, तेव्हा हॉटेलं आधीपासून भरतात आणि दर चढतात. पण जमलं तर तेव्हाच जा. गेलेल्या माणसाचा फोटो, त्याच्या आवडीचं खाणं, पाणी, मीठ आणि झेंडू, झेंडूच झेंडू, आपला पितृपक्ष आणि दसरा एकत्र केल्यासारखं. झेंडू मूळचा त्यांचाच, आपल्याकडं तिकडून आला.

वहिनींच्या जेवणाचं : बाजाराच्या बाहेर बाया मोठा तवा घेऊन बसतात, निळ्या मक्याचं पीठ हातावर थापून आत शिजवलेल्या डाळीचं किंवा राजम्याचं सारण भरून त्लाकोयो करतात, दोन्हीकडं निमुळता, तव्यावर बोटांनीच उलटतात आणि वर निवडुंगाचे उकडलेले तुकडे, चीज, हिरवी चटणी. वहिनींना ते दोन खाल्ले की जेवण झालं. भोपळ्याच्या फुलांची केसादिया मिळते, पण त्या शहरात केसादिया म्हटलं की चीज असेलच असं नाही, 'कोन केसो' म्हणून सांगावं लागतं, ह्यावर त्यांच्यातच भांडणं आहेत. राजम्यात डुकराची चरबी असू शकते आणि भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला, तेव्हा 'सिन मान्तेका, सिन काल्दो दे पोयो' हे कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा. नळाचं पाणी प्यायचं नाही. आणि बाथरूममध्ये जेट नसतो, तांब्या बरोबर न्या, लाजू नका.

प्रश्न : हाय ताई, मी मालवणची, सध्या पुण्यात जॉब. एकटीच जातेय चार दिवस, बजेट कमी म्हणून हॉस्टेलच. सेंत्रोत स्वस्त मिळतंय. घरचे म्हणतात तिकडं किडनॅपिंग होतं. मेट्रोनं फिरले तर चालेल का? — एक वाचक, वय २६

उत्तर : अगं, घरच्यांना सांग की बातम्यांत येतं ते सगळं शहरभर सारखं नसतं, पण त्यांची काळजी अगदीच उडवूनही लावू नको. सेंत्रोत घेतेस तर सोकालो आणि आलामेदा बाग ह्यांच्या मधला पट्टा घे. तिथं मादेरो नावाचा गाड्या बंद असलेला रस्ता आहे, त्यावर उशिरापर्यंत माणसं असतात. सोकालोच्या मागं उत्तरेला आणि पूर्वेला, तेपितो, ला मेर्सेदकडं, दोनशे रुपये वाचतात म्हणून जाऊ नको, दिवसा बाजार बघायला जा खुशाल, हॉस्टेलच्या कोणाबरोबर. तसंच रोमाला चिकटून दोक्तोरेस आहे, मॅपवर बघशील तर एक रस्ता ओलांडला की दर एकदम उतरतात. ते उगाच उतरत नाहीत.

मेट्रो मात्र माझी लाडकी. १९६९ पासून चालू, तिकीट ५ पेसो, म्हणजे आपले वीस-पंचवीस रुपये, आणि एकदा आत शिरलीस की कितीही लायनी बदल. प्रत्येक स्टेशनला नावाबरोबर एक चित्र, कारण सुरू झाली तेव्हा बऱ्याच लोकांना वाचता येत नव्हतं. चापुल्तेपेकला नाकतोडा, कोयोआकानला रानकुत्रा. मला स्पॅनिश येत नाही, मी नाकतोड्याला चढून कुठल्या चित्राला उतरायचं तेवढं लक्षात ठेवायची. गर्दीच्या वेळी पुढचे डबे बायका आणि मुलांसाठी राखीव असतात, प्लॅटफॉर्मवर अडसर घालून पोलीस उभे असतात, लोकलचा लेडीज डबाच समज. सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते आठ मोबाइल हातात धरायचा नाही, बॅग पोटावर. रात्री दहानंतर ॲपवरची कॅब, तीही रस्त्यावर ताटकळत नाही, हॉटेलच्या किंवा कॅफेच्या दारात उभं राहून.

आणि जागा ठरवताना एक कर, दिवसा कुठं जाणारेस त्याची यादी बाजूला ठेव आणि रात्री साडेनऊला जेवून परत येतानाची ती शेवटची पाचशे पावलं मॅपवर फोटो बघत चालून बघ. दुकानं आहेत, दिवे आहेत, खायच्या गाड्या आहेत तर घे. नुसती भिंत आणि पार्किंग असेल तर नको. मी नार्वार्तेत होते तिथं टुरिस्ट औषधाला नाही, पण रात्री अकराला कोपऱ्यावर टाकोवाल्याच्या गाडीभोवती बायका-पोरं उभी असायची, सेंत्रोच्या हॉटेलपेक्षा मला तिथं जास्त निर्धास्त वाटायचं. स्वस्त खोली मिळाली तर तिथंही बघ, लाइन ३ जवळ आहे. रविवारी सकाळी रेफोर्मा गाड्यांना बंद असतो, सायकल भाड्यानं घेऊन फिर, फार मस्त वाटतं.

प्रश्न : एसी रूम घ्यावी का? साध्या रूमच्या आणि एसीच्या दरात बराच फरक दिसतो. — एक वाचक, अलिबाग

उत्तर : अजिबात नको. उलट जादा ब्लँकेट मागून घ्या. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा सहा-आठवर येतो आणि घरात हीटर नसतो, फरशी बर्फासारखी. पाऊस जून ते सप्टेंबर, पण आपल्यासारखा दिवसरात्र नाही, दुपारी चारला येतो, धो धो कोसळतो, जातो.

प्रश्न : ताई, मी शिपवर असतो. पुढच्या ट्रिपला व्हेराक्रूझला साइन ऑफ आहे, मुंबईची फ्लाइट दोन दिवसांनी मेक्सिको सिटीहून. एजंट एअरपोर्टजवळचं हॉटेल देतो म्हणतोय. तिथंच पडून राहू की काही बघता येईल? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : दादा, सगळ्यात आधी तिकिटावर एअरपोर्ट कुठला ते बघा. आता दोन आहेत. जुना बेनितो हुआरेस, शहराच्या पोटातच, आणि २०२२ च्या मार्चमध्ये उघडलेला फेलिपे आन्हेलेस, तो उत्तरेला पार बाहेर, सेंत्रोपासून चाळीस-पन्नास किलोमीटर. एजंटनं एकाजवळचं हॉटेल दिलं आणि विमान दुसऱ्याहून असलं की काय होतं ते आमच्या ओळखीच्या एका मुलानं भोगलंय, पहाटे तीनला टॅक्सी शोधत फिरला आणि विमान गेलं ते गेलंच. जुन्या एअरपोर्टलाही दोन टर्मिनल आहेत, एकमेकांपासून चालत जाण्यासारखी नाहीत, तेही बघून ठेवा.

एअरपोर्टजवळ दोन्ही रात्री काढणं म्हणजे कुडाळला येऊन स्टँडवर झोपून परत जाण्यासारखं. आजूबाजूला हायवे, वर्कशॉपं, फिरायला काही नाही. व्हेराक्रूझहून बसनं सहाएक तास लागतात, बस तापो नावाच्या स्टँडला सोडते, तिथंच सान लासारो मेट्रो आहे आणि सोकालो अगदी जवळ. तुम्ही एकटे, सामान एक बॅग, दोनच दिवस, तुमच्यासाठी सेंत्रोच उत्तम. चिपळूणच्या दादांना मी नको म्हटलं ते त्यांच्यासाठी. फ्लाइट पहाटेची असेल तर शेवटच्या रात्रीपुरतं एअरपोर्टचं हॉटेल घ्या, टर्मिनलला जोडलेलीही आहेत. दुपारची असेल तर तेही नको, पहाटे रस्ते मोकळे असताना सेंत्रोहून अर्ध्या तासात पोचता.

मधल्या दिवशी तेओतिवाकान, म्हणजे पिरॅमिडांचं प्राचीन शहर, करा, पन्नास किलोमीटर, उत्तरेच्या बस स्टँडवरून बस मिळते, लाइन ५ चं स्टेशन स्टँडच्या दारातच. सकाळी पहिली बस पकडा. सावली म्हणून काही नाही आणि उंचीवरचं ऊन डेकवरच्या उन्हापेक्षा वाईट भाजतं, तुम्हाला टोपी सांगायला नकोच. पैसे बदलायचे ते शहरात, एजंटकडं नको.

प्रश्न : आम्ही चौघं, मुक्काम दोन आठवडे. किचनवाला फ्लॅट घेतला तर रोजचं वरण-भात-मासे जमतील का? मासे मिळतात का तिथं? तीनशे किलोमीटर आत म्हणजे आमच्या घरच्यांना टेन्शनच आलंय. — एक वाचक, हर्णै

उत्तर : दोन आठवडे आणि चौघं म्हटल्यावर किचन पाहिजेच, आणि मी नार्वार्ते किंवा शेजारचं देल वाये सुचवेन, दर रोमापेक्षा कमी, बाजार जवळ, लिफ्टवाल्या इमारती बऱ्याच. बुक करताना मालकाला एक विचारा की गच्चीवर टाकी आहे का आणि इमारतीखाली पाण्याचा हौद आहे का. तळ्यावर वसलेल्या शहराला आता शंभर किलोमीटरवरून पंपानं डोंगर चढवून पाणी आणावं लागतं आणि तेही पुरत नाही, टँकर फिरतात. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही मे महिन्यात टँकरची वाट बघणारे आपण, आपल्याला त्यात नवल नाही, पण दोन आठवड्यांत चार दिवस नळ कोरडा असला की सुट्टीची मजा जाते.

कुकर घरून न्या. हे गंमत म्हणून सांगत नाही. एवढ्या उंचीवर पाणी ९२-९३ अंशालाच उकळतं, त्यामुळं नुसत्या पातेल्यात तूरडाळ तासभर रटरटली तरी दाण्यासारखी राहते. लेकीच्या फ्लॅटवर पहिल्या दिवशी मी डाळ लावली आणि रात्री साडेदहाला आम्ही अंड्याची पोळी खाल्ली. भातही दर वेळी बोटचेपा राहायचा, शेवटी तिथल्याच मॉलमधून कुकर आणला, शिट्टी न होणारा, तो झाला की नाही कळायचं नाही.

मासे मिळतात, आणि भरपूर. ला व्हिगा नावाचा मोठा मासळीबाजार आहे, पहाटेचा, दोन्ही समुद्रांचा माल ट्रकनं तिथं उतरतो. आत शिरल्यावर तो वास आला आणि मला अगदी हर्णैचा लिलाव आठवला, फक्त पायाखाली वाळू नाही. उआचिनांगो म्हणतात ती आपली तांबोशीच्या जातीची, सिएरा म्हणतात ती सुरमईची बहीण. आपल्या कोळणी वाट्यावर भाव करतात तशा तिथं नाही, किलोवर, आणि साफ करून देतात पण डोकं फेकून देतील, 'ला काबेसा तांबियेन' म्हणून आधीच सांगा. पांढऱ्या पडलेल्या डोळ्यांचा मासा तिथंही खपवतात, तेव्हा कल्ला उघडून बघायची सवय सोडू नका, मी बघितला तर विकणाऱ्याला हसू आलं आणि मागच्या टोपलीतला दुसरा काढून दिला. लिंबू ढिगानं, चिंच मिळते, नारळ मिळतो, मिरच्यांचं तर माहेरच ते. कोकम तेवढं नाही. आमसुलाची एक पुडी आणि घरचा मालवणी मसाला न्या, तांबोशीची कढी मस्त होते.